ऐंशीला थांबणारी गाडी

परंदवडीच्या महिपतीला कुणी सकाळी सकाळी राम राम घातला, तरी तो आधी मनाशी म्हणायचा, याचं आपल्याकडं काय काम असेल. दुकानातून किलोभर साखर आणली तर घरी येऊन पुन्हा तराजूत घालायचा. वजन बरोबर भरलं तरी जिवाला स्वस्थता नाही, उलट दुकानदार आज एवढा सरळ कसा वागला, याचाच त्याला घोर लागायचा. माणूस वाईट नव्हता. त्यानं कुणाचं काही लाटलं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण संशय अंगात मुरलेला होता आणि साठी जवळ आली तरी तो सुटायचं नाव घेत नव्हता.

अशा माणसाच्या गोठ्याच्या भिंतीवर विजेच्या गाडीचा चार्जर येऊन बसला, हीच मुळात गंमत. गाडी त्याची एकट्याची नव्हती, त्याच्यात आणि धाकट्या भावात, गेणूत, निम्मी निम्मी होती. गेणूचं घर आतल्या बोळात, तिथवर चारचाकी जात नाही, म्हणून चार्जर महिपतीकडं. गाडी लोणावळा-खंडाळ्याला पाहुण्यांच्या कामावर असायची. संध्याकाळी स्टेशनवरून पाहुणे हॉटेलात आणायचे, पॉइंट दाखवायचे, सकाळी कुणाला पुण्याला सोडायचं, असं ते काम. दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत एकाची पाळी. सम तारीख महिपतीच्या मुलाची, ओंकारची, आणि विषम तारीख गेणूची. एकतीस तारीख कुणाचीच नाही, त्या दिवशी गाडी धुवायची. सकाळी दहा ते दुपारी चार गाडी गोठ्यापाशी चार्जिंगला, कारण नव्या मीटरवर दिवसा उन्हाच्या वेळेची वीज स्वस्त पडायची. त्या सहा तासांत गाडीची किल्ली महिपतीच्या दाराआड खिळ्याला.

ही पाळीची पद्धत काही गाडीसाठी काढलेली नव्हती. ती विहिरीवरून आली होती. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन दोघांत तुटली, पण विहीर कशी तोडणार? ती सामाईक राहिली, आणि मोटर एक दिवस याची, एक दिवस त्याची. मग एका उन्हाळ्यात महिपतीला वाटलं, गेणू आपल्या पाळीत पाणी उपसतोय. खरं खोटं आजवर कुणाला कळलं नाही. गेणूनं बांधावर उभं राहून तोंडावर सांगितलं की मी असलं काही केलेलं नाही, उगाच आळ घेऊ नकोस. झालं. त्या एका बोलण्यावरून दोघे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

ती तीन वर्षं महिपतीनं कशी काढली ते कस्तुराबाईला, त्याच्या बायकोलाच ठाऊक. आई गेली तेव्हा गेणू सहा वर्षांचा होता, महिपती बारा-तेराचा. त्याला खांद्यावर घेऊन महिपतीनं शाळेत पोचवलेलं. वरून कितीही ताठ दाखवला तरी गेणूशिवाय त्याला करमत नसे. दिवाळीला फराळाचं ताट पुढं आलं की तो एक लाडू बाजूला काढून ठेवायचा, आणि कुणासाठी म्हणून विचारलं की चिडायचा. मग दोन वर्षांमागं गेणू आपणहून उंबऱ्याशी आला आणि म्हणाला, दादा, दोघांत एक गाडी घेऊया. तीन वर्षांतलं ते पहिलं वाक्य. महिपतीनं कसली गाडी, कितीची गाडी, काही न विचारता हो म्हटलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं चौकशी न करता केली असेल.

म्हणून ती गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती. ती होती तोवर रोज एकदा तरी गेणू दाराशी यायचा, चहा घ्यायचा, दादा म्हणायचा. हे सगळं महिपतीला कळत होतं. तरीही त्याच्या डोक्यात भुंगा शिरलाच.

झालं असं. सप्टेंबरची दोन तारीख होती, ओंकारची पाळी. भात पोटरीला आलं होतं, रानात फारसं काम नव्हतं, तेव्हा महिपती गोठ्यापाशी बसून गाडीकडं बघत होता. सकाळी दहाला प्लग लावला, पण चार्जिंग काही सुरू होईना. बरोबर साडेदहा वाजता, आसपास कुणी नसताना, गाडीचा हिरवा दिवा आपला आपण लुकलुकायला लागला. अडीचला तो आपला आपणच थांबला. महिपतीनं किल्ली काढून दार उघडलं, आतल्या काचेच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा बघितला. ऐंशी. चार वाजेपर्यंत वीज होती, प्लग होता, वेळ होता, आणि गाडी ऐंशीवर ढिम्म.

ओंकारला विचारलं तर तो बूट घालता घालता म्हणाला की काकांनी तसं लावून ठेवलंय. गाडी धावून आली की बॅटरी तापलेली असते, म्हणून अर्धा तास निवू द्यायची. आणि रोज ऐंशीच भरायची, त्यानं बॅटरी जास्त वर्षं टिकते. लांब जायचं असलं तर काका शंभर करतात.

"करत्यात म्हंजी कुटनं करत्यात?" महिपतीनं विचारलं.

"फोनवरून. त्यांच्याच फोनवर आहे ना ते सगळं."

आता बघा. पोरानं सरळ सांगितलं होतं, आणि जे सांगितलं ते खरंही होतं. पण महिपतीच्या कानात एवढंच शिरलं, की गाडी माझ्या भिंतीला, मीटर माझ्या नावाचं, आणि वीज सोडायची-तोडायची चावी गेणूच्या खिशात. शोरूममध्ये त्या दिवशी गेणूचा फोन पुढं केला गेला हे खरं. महिपतीचा फोन बटणांचा, आणि ओंकारच्या फोनवर ते घालायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. पण आता महिपतीला त्यातही बेत दिसायला लागला. विहिरीवर चोरून मोटर लावायची म्हटली तरी माणसाला बांधापर्यंत यावं लागायचं, कुत्रं भुंकायचं, चिखलात पाऊल उठायचं. इथं तर माणूस आपल्या घरी पाटावर बसून माझ्या भिंतीवरची वीज चालू करतो आणि बंद करतो. शिवाय वीस टक्के रिकामं ठेवल्यानं बॅटरी टिकते, हे कुठलं शास्त्र? हंडा अर्धवट भरल्यानं हंडा टिकतो असं आजवर कुणी म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन तारीख, गेणूची पाळी. महिपती तीन वाजल्यापासून गाडीभोवती घुटमळत होता. साडेतीनला त्यानं दार उघडलं. काचेवर आकडा होता शंभर.

चारला गेणू आला. पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, सडपातळ, वीस वर्षं कारखान्यात काढून आता गाडीवर आलेला माणूस. बोलणं कमी. त्यानं नेहमीसारखा चहा घेतला आणि आज मुंबई विमानतळाची फेरी आहे, एवढं सांगून गेला. महिपतीनं शंभराबद्दल काही विचारलं नाही. संशयी माणूस विचारत नसतोच. विचारलं तर समोरचा काहीतरी सांगणार, आणि ते खोटंच असणार, मग विचारायचं कशाला? चार तारखेला ओंकारच्या पाळीला पुन्हा ऐंशी बघितल्यावर तर त्याच्या मनानं निकालच दिला. आपल्या पोराच्या पाळीला ऐंशी, स्वतःच्या पाळीला शंभर. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मावळात सामाईक विहिरींची एक रीत आहे. दुसऱ्यानं आपल्या पाळीत दोन तास मोटर चालवली असा वहीम आला, की पंचाकडं जायचं नाही, तोंड वाजवायचं नाही. पुढच्या त्याच्या पाळीत मोटरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकायचा, दोन तास घरी बसायचं, आणि मग गुपचूप परत लावायचा. कुणी विचारलंच तर लाईट गेली होती म्हणायचं. फिटंफाट. महिपतीनं गाडीला तोच कायदा लावला. आपल्या पोराचे वीस गेले ना, मग त्याचेही वीस गेले पाहिजेत.

पाच तारखेला दुपारचं जेवण झाल्यावर तो गोठ्यात गेला. एकच्या सुमाराला आकडा साठापाशी आला होता. त्यानं चार्जरच्या पेटीतला खटका खाली पाडला. हिरवा दिवा विझला. म्हशीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. साडेतीनला त्यानं खटका परत वर केला, पण गाडी काही पुन्हा सुरू झाली नाही. ती ठरल्या वेळेची गुलाम, दुसऱ्या दिवशीच्या साडेदहाची वाट बघत बसली.

चारला गेणू आला, गाडीत बसला, आकडा बघितला. मग खिशातून फोन काढून तोही बघितला. क्षणभर त्याची नजर गोठ्याच्या भिंतीकडं गेली.

"दुपारी लाईट गेलती," महिपती त्यानं विचारायच्या आतच म्हणाला.

"बरं," गेणू म्हणाला. मग त्यानं घराकडं बघून विचारलं, "वैनी, चहा हाय का?"

चहा पिऊन तो गेला. महिपती गोठ्यापाशी उभा राहून धुरळा बसेपर्यंत बघत राहिला. त्याला वाटलं होतं, गेणू भांडेल. निदान खोदून विचारेल, किती वेळ गेली होती, आजच कशी गेली. साठावर गाडी घेऊन खंडाळ्यापर्यंत जायचं, रात्रीच्या फेऱ्या करायच्या, सकाळी पुणं गाठायचं, हे काही जमणारं नव्हतं, हे महिपतीलाही कळत होतं. तरी गेणू गप्प. आणि गेणू गप्प राहिला हाच महिपतीला पुरावा वाटला. ज्याच्या मनात काही नसतं तो बोलतो. चोरी केलेला माणूसच तोंड मिटून घेतो, कारण बोललं की सगळंच निघतं.

मग तो पायंडाच पडला. सात तारीख, नऊ तारीख, अकरा तारीख. एकच्या सुमाराला खटका खाली, साडेतीनला वर, चारला लाईट गेलती, आणि गेणूचं बरं. सम तारखांना महिपती खटक्याला हात लावायचा नाही, आणि ओंकारची गाडी नेमानं ऐंशी भरून निघायची. एकदा कस्तुराबाईनं ते लाईट गेलती ऐकलं. गेणू गेल्यावर ती म्हणाली, लाईट कधी गेली, मी तर मिक्सरवर वाटण काढत होते. महिपती तिच्यावर खेकसला. ती एवढंच म्हणाली की मागच्या वेळी तुमच्या दोघांत मी निरोप नेणं-आणणं केलं, आता माझ्या अंगात तेवढी ताकद राहिली नाही.

ते महिपतीला लागलं. चोरी पकडली तर गेणू तुटणार, आणि या वयात तुटला तर पुन्हा जुळायचा नाही, हे त्यालाही दिसत होतं. झोपताना तो ठरवायचा, उद्यापासून हे सोडायचं. पण दुपारी एक वाजला की पाय आपोआप गोठ्याकडं वळायचे. त्याला गेणू हवा होता आणि गेणू चोर आहे हे सिद्धही करायचं होतं. ही दोन्ही कामं एकाच माणसाकडून व्हायची नाहीत, एवढं साधं त्याला उमजत नव्हतं.

चोवीस तारखेच्या पाळीवरून पंचवीसच्या सकाळी ओंकार परत आला तो कपाळाला आठ्या घालून. खंडाळ्याच्या ज्या हॉटेलची ठरलेली ड्युटी होती, रोज साडेपाचला लोणावळा स्टेशनवर येणारे पाहुणे उचलायची, तिथल्या मॅनेजरनं त्याला सांगितलं होतं की तुझ्या काकांचे दिवस मी दुसऱ्या ड्रायव्हरला दिले. काका दोन आठवडे उशिराच येत होते, आणि परवा त्यांनीच सांगितलं की साडेपाचची वेळ जमणार नाही.

"जमणार नाही म्हणजे काय?" ओंकार बापाला म्हणाला. "चारला तर निघतात इथून. तासाभराचा रस्ता."

महिपतीच्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख झालं, म्हणजे त्याला तसं वाटलं. गेणू चारला निघतो आणि साडेपाचला पोचत नाही. मधला वेळ जातो कुठं? त्यानं परस्पर दुसरं गिऱ्हाईक धरलेलं असणार. सामाईक गाडी, सामाईक वीज, आणि धंदा खासगी. शंभर टक्के लागत होते ते त्यासाठीच. उद्या तो म्हणेल, दादा, आता वेगळं होऊया, आणि नवी गाडी आणून बोळाच्या तोंडाशी उभी करेल. मग कुणी चहाला यायचं नाही.

त्या दिवशी दुपारीही त्यानं खटका पाडला. चारला गेणू आला, बरं म्हणाला, चहा घेतला, निघाला. गाडी वळणाआड गेल्याबरोबर महिपतीनं ओंकारची मोटरसायकल काढली. कस्तुराबाई दारात येऊन बघत राहिली. कुठं निघालात, हे तिनं विचारलं नाही.

सोमाटणे फाट्याला गाडी त्याच्या नजरेत आली. तळेगाव गेलं, वडगाव गेलं. महिपती मधे दोन ट्रक ठेवून चालला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून, गेणूनं आरशात ओळखू नये म्हणून. आवाज न करणाऱ्या त्या गाडीचाही त्याला राग येत होता. चोरट्या कामाला बरी सोयीची, असं तो पुटपुटला. कान्हे फाट्याच्या पुढं गाडीनं डावीकडचा दिवा दाखवला आणि हायवेलगतच्या एका हॉटेलच्या आवारात शिरली. आता गिऱ्हाईक दिसणार.

तो मोटरसायकल रस्त्याकडेला लावून पायी आत गेला. आवाराच्या कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली गाड्यांना चार्ज करायचा एक खांब होता. वायर एकच. तिथं एक पांढरी गाडी लागलेली होती, तिच्यामागं आणखी एक थांबलेली, आणि तिसरी त्यांची. गेणू आतच बसला होता. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. कुणी आलं नाही. गेणूनं मांडीवर डबा उघडला, भाकरी मोडली आणि तो सावकाश खायला लागला.

महिपती एका झाडाआड पाऊण तास उभा होता. पांढरी गाडी गेली, मग दुसरी गेली. तेव्हा गेणू खाली उतरला, आपली गाडी पुढं घेतली, वायर लावली आणि पुन्हा आत जाऊन बसला. साडेपाच होऊन गेले होते. लोणावळा स्टेशनवर रेल्वे येऊन पाहुणे दुसऱ्याच्या गाडीत बसले असतील. हा माणूस इथं वीज भरतोय. पण मग ती शंभर टक्क्यांची लबाडी? महिपतीचं डोकं चालेना, आणि डोकं चालेना झालं की त्याला राग यायचा. तो तरातरा गेला आणि त्यानं दार उघडलं.

गेणू दचकला. भावाला बघून त्याचा चेहरा उतरला, आणि महिपतीला वाटलं, सापडला.

"फोन दाव तुजा," महिपती म्हणाला.

"कशाला दादा?"

"दाव म्हणतो ना."

"ऱ्हाऊ दे दादा. त्यात काय बगायचं?" गेणूनं फोन मुठीत घट्ट धरला. महिपतीनं हात पुढं केला तो मागं घेतला नाही. शेवटी गेणूनं फोनवर काहीतरी दाबलं आणि तो त्याच्या हातात दिला. मग तो समोरच्या काचेतून बाहेर बघत बसला.

अक्षरं इंग्रजी होती, ती महिपतीला येत नव्हती. पण आकडे येत होते. तारीख, वेळ, आणि टक्के, एकाखाली एक. गाडी किती वाजता लागली, किती वाजता थांबली, कितीवर थांबली, सगळं ओळीनं. तो बोटानं वर सारत सारत मागं गेला. ऑगस्टात नुसते ऐंशी. सम तारीख ऐंशी, विषम तारीख ऐंशी. गेणूच्या पाळ्यासुद्धा ऐंशी. दोनच ठिकाणी शंभर होते. एक सप्टेंबरच्या तीन तारखेला, मुंबईच्या फेरीचा. दुसरा ऑगस्टच्या वीस तारखेला. वीस म्हणजे ओंकारची पाळी. त्या दिवशी ओंकार पाहुण्यांना घेऊन नाशिकला गेला होता, आणि महिपती मेहुण्याकडं कान्ह्याला राहायला. गेणूनं पुतण्याच्या लांबच्या फेरीसाठी फोनवरून शंभर लावले होते, आणि ते बघायला महिपती घरी नव्हता.

मग बोट खाली आलं. पाच तारीख, अठ्ठावन्न. सात तारीख, एकसष्ट. नऊ, अकरा, तेरा. प्रत्येक ओळीपुढं एक लाल खूण आणि वेळ, बारा अठ्ठावन्न, एक वाजून पाच, एक वाजून दोन. सम तारखांपुढं एकही लाल खूण नव्हती. अशी कुठली लाईट असते जी फक्त विषम तारखांना जाते? अकरा खुणा होत्या. शेवटची आजची. त्यानं फोन खाली धरला, पण तो परत द्यायचं त्याला सुचलं नाही.

गेणू अजून बाहेरच बघत होता. तो हळूच म्हणाला, "आपल्याकडं लाईट लय जाती, दादा. पावसाळा सरंपातुर आसंच चालायचं."

महिपतीनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या लक्षात आलं की गेणूनं त्याच्यासाठी दार उघडं ठेवलंय. व्हय म्हणायचं, लाईटवाल्यांना दोन शिव्या घालायच्या, मोटरसायकलवर बसायचं आणि घरी जायचं. उद्या चहा होईल, परवा होईल. उद्यापासून खटक्याला हात लावला नाही की झालं, पुन्हा कुणी कधी विषय काढणार नाही. गेणू तर काढणारच नाही. महिपतीला ते फार हवंसं वाटलं.

तो गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आत येऊन बसला.

"लाईट न्हवती गेली, गेणू," तो म्हणाला. "म्याच खटका पाडत व्हतो."

गेणूनं मान हलवली. "ठावं हाय."

"आकड्यांवरनं?"

"न्हाई. खटका पडला की फोन वाजतो. त्या टायमाला म्या भातात आसतो, आपल्या गोठ्यासमोरच. फोन वाजला की वर बगायचो. तू गोठ्यातनं भायेर येत आसायचास."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. अकरा वेळा गेणूनं त्याला आपल्या डोळ्यांनी बाहेर येताना बघितलं होतं. आणि अकराही वेळा चारला येऊन वहिनीकडं चहा मागितला होता. मग इथं येऊन तास-तासभर रांगेत बसला होता, पाहुणे चुकवले होते, शेवटी मॅनेजरला आपल्या तोंडानं जमणार नाही सांगून ड्युटी सोडली होती. घरातली गोष्ट त्यानं बाहेरच्या माणसालाही सांगितली नव्हती. महिपतीला स्वतःची एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

"मंग बोलला का न्हाईस?" तो कसाबसा म्हणाला. "शिव्या घालायच्या व्हत्यास."

"इहिरीच्या टायमाला बोललो व्हतो की. तोंडावर बोललो. तीन वर्सं गेली त्याच्यात." गेणूनं डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवलं. "ड्युटी दुसरी मिळंल. म्हणलं, हे बी जाईल कवातरी तुज्या डोक्यातनं. गप बसावं."

खांबावरचा आकडा पुढं सरकत होता. मागं एक गाडी येऊन थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर हात वर करून अजून किती वेळ, असं विचारत होता. गेणूनं त्याला बोटांनी दहा मिनिटं दाखवली.

महिपती म्हणाला की उद्या मी खंडाळ्याला येतो, त्या मॅनेजरला खरं काय ते सांगतो, चूक माझी होती, याची नाही, हे त्याच्या कानावर घालतो. गेणू स्टिअरिंगवरचं न दिसणारं काहीतरी अंगठ्यानं पुसत राहिला. मग भावाकडं न बघता त्यानं विचारलं,

"येक सांगू, दादा?"

"सांग."

"खटका पाडतोस त्याचा राग न्हवता मला. पर तू कवातरी कबूल करशील, आसं येकदा बी वाटलं न्हवतं. आत्ता फोन तुज्या हातात दिला तवा सुदिक न्हाई वाटलं."

ते ऐकून महिपतीला जे लागलं, तसं त्या तीन वर्षांतही लागलं नव्हतं. जगातल्या प्रत्येक माणसाबद्दल त्यानं वाईटसाईट धरून ठेवलं होतं, पण गेणूच्या मनात आपल्याबद्दल काय असेल, हे त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. पण तो उठून गेला नाही. दहा मिनिटं झाली, गेणूनं वायर काढून खांबाला अडकवली, आणि महिपती त्याच्या शेजारी बसून राहिला.